सडकेचा आणा कोणी वाटला?

सडक कोणी बांधली असे विचारले तर लोक सरकारचे नाव घेतात, फार तर कंत्राटदाराचे. पैसा मुळात कोणाच्या खिशातून निघाला, आणि अमुक गावाला सडक व तमुक गावाला चिखल हे कोणत्या खोलीत, कोणत्या माणसांनी बसून ठरविले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज तेच विचारावयाचे आम्ही योजिले आहे. इतिहासाचे पंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही. आमची शाळा लवकर सुटली. वाहतूक कामगारांच्या चळवळीत उमेदीची वर्षे गेली, आणि जे काही वाचले ते नगरवाचनालयाच्या बाकावर किंवा रात्री संघटनेच्या कचेरीत वाचले. परंतु पगाराच्या वाटाघाटी करता करता माणसाला एक सवय लागते. समोरून आकडा आला की तो कोणत्या कसोटीने काढला, हे आधी विचारावयाचे. तीच सवय घेऊन आम्ही जुनी गॅझेटियरे आणि अहवाल चाळले.

आपल्या भागातील ही कथा १८६३ च्या सुमारास सुरू होते. बार्टल फ्रिअर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि लँकेशायरचे माग खानदेश-वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावून बसले होते. रेल्वे नुकतीच घाट चढून वर येत होती. परंतु शेतातला कापूस स्टेशनापर्यंत आणावयाचा कसा? पावसाळ्यात काळ्या जमिनीत बैलगाडी आसापर्यंत रुतते. पक्क्या सडका हव्या होत्या, त्यासाठी पैसा हवा होता, आणि सरकारच्या खजिन्यातून तो काढावयाचा नव्हता. म्हणून तोड निघाली ती अशी, की शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे रयतेने आणखी एक आणा द्यावा. प्रारंभी हा आणा कायद्याच्या आधाराशिवायच वसूल होत होता. पुढे १८६९ च्या तिसऱ्या कायद्याने त्यावर शिक्का बसला. यालाच आपले आजे-पणजे ‘लोकल फंड’ म्हणत.

आण्याच्या बारा पै. त्यांतल्या आठ पै सडका, विहिरी, धर्मशाळा अशा बांधकामांकडे जावयाच्या आणि चार पै शाळांकडे. शिवाय टोलनाक्यांचे उत्पन्न, नदीवरच्या नावेच्या उताराचे पैसे आणि कोंडवाड्याची शिल्लक हीही बांधकामाच्या बाजूस जमा होत असे. म्हणजे दहा रुपये सारा भरणाऱ्या कुणब्याने दहा आणे जादा भरले, गाडी नाक्यावरून नेली तर पुन्हा टोल भरला, आणि बैल चुकून कोणाच्या शेतात शिरला तर तो सोडवून आणण्याचा दंडही अखेर सडकेच्याच कामी आला.

आता हा पैसा वाटीत कोण? जिल्ह्याची एक समिती असे. तीत कलेक्टर, त्यांचे असिस्टंट व डेप्युटी, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर आणि शाळाखात्याचे इन्स्पेक्टर ही सरकारी मंडळी, आणि बिनसरकारी बाजूस एक इनामदार व सहा जमीनधारक. तालुक्याच्या समितीतही तोच नमुना, मात्र लहान आकाराचा : असिस्टंट किंवा डेप्युटी कलेक्टर, मामलेदार, बांधकाम खात्याचा अंमलदार, शाळांचा डेप्युटी, एक इनामदार आणि तीन जमीनधारक. तालुका समितीने आपल्या गरजा वर कळवावयाच्या आणि जिल्हा समितीने वर्षाचे अंदाजपत्रक बांधावयाचे. कागदावर ही रचना मोठी नीटस दिसते, आणि खरोखर पुढच्या दीडशे वर्षांत तिच्यातला सांगाडा फारसा बदललेला नाही, हे आपल्या ध्यानात येईलच.

आम्हांला प्रश्न पडतो तो त्या सहा जमीनधारकांचा. ते निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते. ज्या साहेबाने नेमले तोच अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेला. त्यांच्या समोर इंजिनिअरसाहेबांनी नकाशा पसरला आणि ‘ही सडक स्टेशनास जोडावयाची’ असे म्हटले, तर सहाजणांपैकी कोण उठून सांगणार, की आमच्या गावाला आधी ओढ्यावर फरशी हवी, बाजाराच्या दिवशी बायका डोईवर भारा घेऊन कमरेइतक्या पाण्यातून जातात? म्हणूनच लोकल फंडाच्या सडका पाहिल्या तर पुष्कळशा कापसाच्या पेठेपासून रेल्वे स्टेशनाकडे धावताना दिसतात. गावाकडून गावाकडे जाणारी वाट तशीच राहिली. यात सारेच वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. सडक झाली म्हणून गाडीभाडे उतरले, माल पेठेत वेळेवर पोचला, आणि काही पैसा शेतकऱ्याच्याही हाती राहिला असेल. परंतु सडक कोणासाठी, हा निर्णय त्याच्या आण्याने झाला नाही. खुर्चीवर बसलेल्याच्या गरजेने झाला.

हे त्या काळीही काही डोळ्यांना दिसत होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले, त्याचा रोख शिक्षणावर होता. परंतु मुद्दा हाच, की रयतेच्या घामातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या कामी खर्च होतो आणि ज्याने दिला त्याच्या पोराच्या वाट्याला काही येत नाही. शाळांच्या चार पैंविषयी जे खरे होते, ते सडकांच्या आठ पैंविषयी खोटे असण्याचे कारण नव्हते.

त्याच वर्षी, १८ मे १८८२ रोजी, लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव निघाला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. काही सभासद निवडून येऊ लागले. अर्थात मत कोणाला, तर ज्याचा सारा किंवा मिळकत ठराविक मापाची असेल त्याला. अध्यक्षपदी कलेक्टर कायमच होते. ते जाऊन लोकांचा अध्यक्ष यावयास १९२३ चा कायदा उजाडला. हे साठ वर्षांचे अंतर आपण लक्षात ठेवावे. आणा १८६३ ला घेतला. तो वाटणाऱ्या खुर्चीवर आपला माणूस बसवावयास १९२३ आले. आणि तो बसतो न बसतो तोच खेळाचे नियम बदलले, कारण मोटार आली.

मोटारीने सडकेचे गणितच फिरविले. खडी-मुरमाची सडक बैलगाडीच्या लोखंडी धावेने चाकोरीत कापली जाते. पण मोटारीचे वेगवान रबरी चाक खडीला धरून ठेवणारी बारीक माती उडवून लावते आणि सारा थरच सुटा करते. दोन्ही वाहने एकाच सडकेवर धावू लागली तेव्हा लोकल बोर्डांची दुरुस्तीची शिल्लक उन्हाळ्यातल्या विहिरीसारखी आटली. मध्यवर्ती सरकारने १९२७ साली याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. समितीने १९२८ साली अहवाल दिला. सडका बांधणे आता प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या ऐपतीपलीकडे चालले असून तो राष्ट्रीय हिताचा विषय होत आहे, असा त्यातला मुख्य अभिप्राय होता. त्यावरून १९२९ साली पेट्रोलवरील जकात गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे झाली, आणि वाढीव दोन आणे सडकांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावयाचे ठरले.

येथे श्रोत्यांनी आमच्याबरोबर क्षणभर थांबावे, कारण साऱ्या विषयाची किल्ली येथे आहे. या दोन आण्यांची प्रांतांत वाटणी करावयाची कशी? केंद्राने आपल्या हाती काही भाग राखून ठेवला, आणि उरलेल्या रकमेची वाटणी केली ती ज्या प्रांतात जितके पेट्रोल खपेल त्या प्रमाणात. ऐकावयास हे किती न्याय्य वाटते! ज्याने दिले त्याला परत. परंतु पेट्रोल कोठे खपते? जेथे मोटारी आहेत तेथे. मोटारी कोठे आहेत? जेथे आधीच सडका आहेत तेथे. म्हणजे जेथे सडक आहे तेथे आणखी सडक, आणि जेथे चिखल आहे तेथे पेट्रोल खपत नाही म्हणून पुन्हा चिखल. मुंबई शहरातल्या मोटारींचे पेट्रोल मुंबई प्रांताच्या नावे लागे. त्यामुळे आपल्या प्रांताचा वाटा मोठा दिसे हे खरे, पण तो पैसा मुख्यतः मोठ्या सडकांच्या कामी आला. खेड्याची वाट मात्र पूर्वीप्रमाणेच साऱ्यावरच्या लोकल फंडावर, म्हणजे बैलगाडीवाल्याच्या आण्यावर, अवलंबून राहिली. या वाटणीत कोणी लबाडी केली नव्हती. सर्व काही कायदेमंडळाच्या सडक समितीपुढे रीतसर जात होते. कसोटीच अशी निवडली होती, की तिच्यातून दुसरे उत्तर निघणारच नव्हते.

कारखान्यात हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. बोनसची वाटणी ‘हजेरीच्या प्रमाणात’ असे ठरले की सगळ्यांना पटते. मग कळते की ज्यांना मालक वर्षातले चार महिने कामच देत नाही, त्यांची हजेरी मुळातच भरत नाही.

पेट्रोलच्या कसोटीला उत्तर मिळाले ते १९४३ च्या डिसेंबरात नागपूरला. तेथे देशातले मुख्य इंजिनिअर जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्ह्याच्या सडका आणि खेड्याच्या सडका अशी विभागणी तेव्हाच रूढ झाली. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी आम्हांला फार मोलाची वाटते. शेतीने विकसित झालेल्या प्रदेशात कोणतेही गाव मुख्य सडकेपासून पाच मैलांहून दूर असू नये, असे त्यांनी माप घातले. पेट्रोल किती खपते हे विचारावयाचे सोडून माणसाला किती चालावे लागते, हे विचारले गेले. मापाचे टोक मोटारीकडून पायांकडे वळले. आराखड्यातले सारे काही वेळेवर झाले नाही, ही गोष्ट निराळी.

स्वराज्य आल्यावर वाहतुकीची दुसरी बाजू, म्हणजे सडकेवर धावणारी गाडी, सरकारने हाती घेतली. तोवर खाजगी सर्व्हिसगाड्यांचे राज्य होते; १९३९ च्या मोटार कायद्याने प्रादेशिक वाहतूक मंडळे आली आणि परवान्यांची शिस्त सुरू झाली, तरी ज्या रस्त्यावर उतारू भरपूर त्याच रस्त्यावर गाड्या, हा धर्म काही सुटला नव्हता. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावर पहिली एस.टी. धावली, आणि १९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. या कायद्यात एक कलम आहे, बाविसावे. महामंडळाने आपला कारभार धंद्याच्या तत्त्वांवर चालवावा, असे ते सांगते. आता एकीकडे ‘रस्ता तेथे एस.टी.’ असे लोकांना सांगावयाचे, तोट्याच्या आडमार्गावर रोज दोन फेऱ्या पाठवावयाच्या, आणि दुसरीकडे धंद्याचे तत्त्व! शिवाय १९५८ च्या कायद्याने उतारूंच्या भाड्यावर कर बसला. तो वाढत वाढत साडेसतरा टक्क्यांवर गेला. एस.टी.चा कंडक्टर सरकारचा वसुली कारकूनही झाला तो असा. खेड्यातली म्हातारी बाजाराला जाताना जे तिकीट फाडते, त्यात राज्याच्या तिजोरीचाही भाग असतो. लोकल फंडाचा आणा रुपयाला सव्वासहा टक्के होता, हे तुलनेसाठी सांगून ठेवतो.

सडका मात्र जिल्ह्याकडे राहिल्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मोठ्या जिल्हा सडका व राज्यमार्ग बांधकाम खात्याकडे, आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग परिषदेकडे, अशी वाटणी पुढे स्थिरावली. त्यावर अधिक बोलण्यात वेळ घालवीत नाही.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल मात्र बोलले पाहिजे. १९७३ च्या मे महिन्यात या राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांतली कितीतरी खडी फोडीत होती. ज्या सडकांसाठी कोणत्याही समितीला दहा वर्षांत पैसा सापडला नव्हता, त्यांचे मातीकाम उन्हातान्हात, बायाबापड्यांच्या हातांनी, एका हंगामात झाले. पुष्कळ काम पुढच्या पावसात वाहूनही गेले, कारण माती टाकली तरी मोऱ्या आणि खडीकरण यांचा पैसा दुसऱ्या खात्याचा होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेला पुढे कायद्याचे रूप आले, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. शहरातल्या गिरणीत, कचेरीत काम करणाऱ्याच्या पगारातून तो कापला जाऊ लागला. आमच्या सभासदांपैकी कित्येकजण या कपातीवर कुरकुर करीत. त्यांना आम्ही सांगत असू, की बाबा, तुझा हा पैसा तुझ्याच गावच्या सडकेवर खडी फोडणाऱ्या तुझ्या भावजयीच्या मजुरीचा आहे. काहींना पटे, काहींना पटत नसे.

पैशाची वाटणी जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायाने होते का, याचा जाहीर हिशेब प्रथम झाला तो १९८३-८४ साली, वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीत. समितीने सडका, पाटबंधारे, वीज, शाळा, दवाखाने असे विषय घेतले, राज्याची सरासरी काढली, आणि जो जिल्हा सरासरीखाली असेल त्याचा खड्डा पैशात मोजला. त्या खड्ड्याला ‘अनुशेष’ हा शब्द मिळाला, तो आज खेड्यातल्या पारावरही ऐकू येतो. एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८६ कोटी. त्यांतला जवळजवळ ३९ टक्के एकट्या विदर्भाचा. पुढे राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमाखाली १९९४ साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे झाली. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ चा अनुशेष पुन्हा मोजला, तो १४,००६ कोटींवर गेला होता. २००१ पासून निधी कसा वाटावा याचे निर्देश राज्यपाल देऊ लागले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. दांडेकर समितीशी पुष्कळांचे मतभेद होते. जिल्हा हे माप मोठे आहे, पुढारलेल्या जिल्ह्याच्या पोटातही उपाशी तालुका असतो, हा आक्षेप आम्हांलाही बिनतोड वाटतो. तरी कसोटी आधी जाहीर करून मग आकडा काढावा, ही रीत त्या समितीने घालून दिली. वाटाघाटीच्या टेबलावर बसणाऱ्याला तिची किंमत कळते.

आजची जिल्हा नियोजन समिती ही ७४ व्या घटनादुरुस्तीची आणि राज्याच्या १९९८ च्या कायद्याची. घटना म्हणते, की समितीचे किमान चार-पंचमांश सभासद हे जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सभासदांनी आपल्यांतून निवडावे, तेही गाव व शहर यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. अध्यक्ष पालकमंत्री, सचिव कलेक्टर. सडकांसाठी दोन लेखाशीर्षे सर्वांच्या तोंडी असतात, ‘तीस चोपन्न’ आणि ‘पन्नास चोपन्न’. नवख्या माणसाला वाटावे की हे कुठले कायद्याचे कलम! आधीच्या वर्षी मान्य झालेल्या कामांचे देणे आधी फेडावयाचे, त्याला ‘दायित्व’ म्हणतात. ते वजा जाता नव्या कामांना जे उरते त्यासाठी ओढाताण. आणि मार्च महिना आला की जो पैसा खर्ची पडला नाही तो दुसऱ्या कामाकडे वळविण्याची घाई. कोणत्या गावचा डांबराचा थर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पडला आहे, हे आमचे ड्रायव्हर पहिल्या पावसानंतर गाडीत बसल्या बसल्या ओळखतात.

एका जिल्ह्यात आम्ही अशा समितीकडे निवेदन घेऊन गेलो होतो. एका खोऱ्यातल्या सहा-सात गावांची संध्याकाळची बस बंद झाली होती, आणि हायस्कूलच्या मुलींना शेवटच्या तासाला न बसताच निघावे लागे. मुलींना पास सरकारने फुकट दिला होता. पासावर बसावयाला गाडी नव्हती. त्या खोऱ्याच्या सडकेला त्याच वर्षी समितीने मोठी रक्कम दिली होती. निवेदन घेणारे अधिकारी सभ्य होते. त्यांनी शांतपणे सांगितले, की सडक हा समितीचा विषय, बस महामंडळाचा. महामंडळाच्या आगारात गेलो, तर तेथे उत्तर मिळाले, की फेरी तोट्याची आहे. दोघेही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर बोलत होते. डांबरावर सायकली चालल्या, ट्रॅक्टर चालले, वडापच्या जीपगाड्या दाटीवाटीने भरून चालल्या. मुलींच्या आईबापांपैकी काहींनी दहावीनंतर शाळा सोडविली.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलात मिटलेला एस.टी. कामगारांचा संप आपणा सर्वांना आठवत असेल. विलीनीकरणाच्या मागणीवर मते काहीही असोत. त्या संपाच्या पोटात हाच प्रश्न होता, की तोट्याच्या फेरीचा तोटा कोणाचा? कंडक्टरच्या थकलेल्या पगाराचा, की ज्या राज्याने ती फेरी लोकांना कबूल केली त्याचा? सडकेचा खर्च कोणी तोटा म्हणून लिहीत नाही. बसचा लिहितात.

त्याच २०२२ सालच्या मार्चमध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि पुढची काही वर्षे तेथे प्रशासक बसले. निवडून आलेले सभासदच नाहीत म्हटल्यावर त्यांनी आपल्यांतून समितीवर पाठवावयाचे कोणाला? चार-पंचमांश खुर्च्या रिकाम्या पडल्या. सभा मात्र होत राहिल्या, आराखडे मंजूर होत राहिले, तीस चोपन्न आणि पन्नास चोपन्नचा पैसा वाटला जात राहिला. टेबलाभोवती पालकमंत्री, कलेक्टर, इंजिनिअर, खात्यांचे अधिकारी, आणि नेमलेली काही मंडळी.